टिचबटण हाताने बसवताना: आधी कापडाची जाडी, मग हातोडी

भाचीच्या मुलीच्या बारशाला मी मलमलीची चार झबली शिवली होती. प्रत्येकाला समोर तीन टिचबटणं, घरीच प्लायरने दाबून बसवलेली. तिसऱ्या की चौथ्या धुण्यानंतर एका झबल्यावरचं बटण निघालं. मोडलं मात्र नव्हतं. टोपी आणि तिच्यात बसलेली वाटी एकमेकींना अगदी घट्ट धरून होत्या. भोवतीचं कापडच गोल फाटून त्यांच्यासकट सुटलं होतं. भाचीच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून ठीक, नाहीतर तो तुकडा बाळाच्या तोंडात गेला असता.

त्यानंतर हे काम मी नीट शिकले. पुष्कळ चिंध्या भोकं पाडून वाया घालवल्या, वेगवेगळी बटणं मुद्दाम बसवून ओढून काढली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. घरी बसवलेलं टिचबटण सुटतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर बटणाखालचं कापड त्याचा ताण सोसण्याइतकं जाड केलेलं नसतं, किंवा बटणाच्या काट्याची वा नळीची लांबी कापडाच्या जाडीशी जुळत नसते. दाबायला जोर कमी पडला, ही अडचण त्या मानाने क्वचित येते आणि आली तरी सहज सुधारता येते. म्हणून या लेखात हत्यारांइतकीच जागा कापडाला दिली आहे.

बटणाचे चार प्रकार

दुकानात टिचबटणाच्या दोन बाजूंना नर आणि मादी म्हणतात. फुगीर बोंडाचा तो नर, खळगा असलेली ती मादी. मीही इथे तेच शब्द वापरते. प्रकार पुष्कळ दिसले तरी घरच्या शिवणाला लागणारे चारच.

पहिलं सुई-दोऱ्याने शिवायचं. चपटं, कडेला चार भोकं असलेलं. ब्लाउजची पट्टी, गळ्याचं टोक, उशीचा अभ्रा, देवाच्या मूर्तीची वस्त्रं अशा कामांना याच्याइतकं चांगलं दुसरं नाही.

दुसरं प्लास्टिकचं, रंगीत. याचे भाग चार: दोन टोप्या, एक मादी, एक नर. टोपीच्या पोटातून एक काटा निघालेला असतो. तो कापडातून पार करून त्यावर मादी किंवा नर ठेवायचा आणि प्लायरने दाबायचा. काट्याचं टोक चेपून छत्रीसारखं पसरतं आणि भाग अडकतो. बाळाचे कपडे, लाळेरी, कापडी लंगोट यांना हे बरं पडतं. गंजत नाही आणि अंगाला थंडगार लागत नाही.

तिसरं दातेरी कडीचं. धातूच्या कडीला पाच बारीक दात असतात. ते कापडातून वर येतात आणि वरच्या भागाच्या खोबणीत वळून बसतात. याला भोक पाडावं लागत नाही, म्हणून विणीच्या, ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाला हेच योग्य. तयार बाळकपड्यांवर पायांच्या मध्ये जी धातूची बटणं असतात, ती बहुधा याच जातीची.

चौथं नळीचं. जाकीट, पर्स, पाकीट, जाड कॅनव्हासची पिशवी यांचं. टोपीला धातूची पोकळ नळी असते आणि ठोकल्यावर तिची कड बाहेरच्या बाजूला वळते. याच्या मादीत डोकावलं तर बऱ्याचदा दोन बारीक तारा समांतर दिसतात. ती स्प्रिंग आहे. नर आत शिरताना तारा बाजूला सरकतात आणि त्याच्या मानेशी परत जवळ येतात, तोच तो ‘टिच’ आवाज. या बटणाचा शोध जर्मनीतला. फोर्ट्सहाइम गावच्या हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये पुरुषांच्या विजारीसाठी त्याचं पेटंट घेतलं आणि १९०३ मध्ये हान्स प्रिम यांनी त्यात इंग्रजी एस अक्षराच्या वळणाची तार बसवली. ठोकताना चुकीची डाय, म्हणजे बटणाच्या मापाचा साचा, वापरली तर सगळ्यात आधी चेपते ती हीच तार.

बटणांचा आकार लाईनमध्ये मोजतात. ४० लाईन म्हणजे १ इंच. त्यामुळे २० नंबरचं प्लास्टिक बटण साधारण १२ मिलिमीटरचं येतं आणि घरच्या बहुतेक कामांना तेच पुरतं. नवजात बाळाच्या झबल्याला १६ नंबर घ्या, ते नाजूक दिसतं आणि टोचत नाही.

धातूची बटणं घ्यायला जाताना मी पर्समध्ये एक लहान लोहचुंबक ठेवते. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या भुलेश्वरात एकाच ढिगात पितळी आणि लोखंडी दोन्ही बटणं असू शकतात आणि वरच्या मुलाम्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत ते गंजतं आणि पांढऱ्या कापडावर पडलेला गंजाचा तपकिरी डाग जाता जात नाही. दुसरी काळजी निकेलची, हा धातू काहींच्या कातडीला सोसत नाही. जीन्सच्या बटणाखाली पोटावर खाज येते अशी माणसं तुमच्याही घरात असतील. त्यांच्या कपड्यांना प्लास्टिकचं बटण लावा किंवा आतल्या बाजूने कापडाची एक पट्टी येईल असं शिवा.

कापड तयार करणं

सुती कापड शिवण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. बटणं लावल्यावर पट्टी आटली तर नर-मादी समोरासमोर राहत नाहीत आणि दोन बटणांच्या मध्ये चुणी उभी राहते.

बटणाखाली कापडाचे निदान दोन थर आणि त्यांच्यामध्ये एक कडक थर हवा. पॉपलीन किंवा केंब्रिकला मधे इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम चालतं. मलमलीला बकरमची कड वरून दिसते आणि बाळाला ती टोचते. तिथे मी मधे मऊ धुतलेल्या मांजरपाटाची दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी घालते. फाटलेल्या झबल्याची दुरुस्ती अशीच केली आणि उरलेल्या तिन्ही झबल्यांच्या पट्ट्या उसवून त्यांनाही तेच केलं. होजिअरी कापडाला न ताणली जाणारी सुती पट्टी आतून शिवावी लागते. एरवी कापड ताणलं जातं, बटण ताणलं जात नाही आणि दातांपाशी विणीचे टाके सुटू लागतात.

बटणपट्टी तयार होऊन किमान अडीच सेंटिमीटर रुंद असावी. १२ मिलिमीटरच्या बटणाचा मध्य पट्टीच्या कडेपासून १ ते १.२ सेंटिमीटर आत ठेवला तर टोपीभोवती मोकळं कापड उरतं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे शिवणीच्या दुमडीचा काठ, जिथे टोपीचा अर्धा भाग चार थरांवर आणि अर्धा दोन थरांवर येतो. तिथे काटा सरळ चेपणं शक्यच नसतं. बटण दोन-चार मिलिमीटर सरकवा, पण दुमडीवर बसवू नका.

जाडी जोखायची रीत सोपी आहे. ज्या कपड्यावर बटण लावायचं त्याच कापडाचा, तितक्याच थरांचा, मधल्या बकरमासकट एक तुकडा शिवून ठेवा. त्यातून टोपीचा काटा वर काढा आणि बोटांनी कापड खाली दाबून धरा. प्लास्टिकच्या बटणाचा काटा कापडाच्या वर किमान २ मिलिमीटर दिसला पाहिजे आणि त्यावर मादी ठेवल्यावर तिच्या भोकातून टोक ठळकपणे वर आलं पाहिजे. टोक मादीच्या पातळीलाच राहिलं तर कापड फार जाड आहे. एक थर कमी करा किंवा लांब काट्याच्या टोप्या मिळतात त्या आणा.

नळीच्या बटणात उलटी चूकही होते आणि ती जास्त नुकसान करते. मादीच्या तळापासून नळीची कड १ ते १.५ मिलिमीटर वर दिसली तर ठीक. त्याहून बरीच वर आली, म्हणजे नळी कापडाला लांब पडते आहे. ठोकल्यावर ती पसरण्याऐवजी वाकते किंवा एका बाजूला फाटते, वळलेली कड मादीच्या पोटात गर्दी करते आणि मग नर आत शिरतच नाही. अशा वेळी कापडाच्या आतल्या बाजूने डेनिमची किंवा रेक्झिनची छोटी चकती घालून जाडी वाढवा. डेनिमचे दोन थर म्हणजे दीड-दोन मिलिमीटर होतात, पॉपलीनचे दोन थर त्याच्या निम्मेसुद्धा नसतात. म्हणून एकाच पाकिटातली बटणं जीन्सच्या पिशवीवर उत्तम बसतात आणि कुर्त्यावर डुगडुगतात.

नमुन्याच्या या तुकड्यावर निदान दोन बटणं पूर्ण बसवून पाहा. मी आजही, शेकडो बटणं लावून झाल्यावरही, नवं कापड आलं की हे करते.

हत्यारं

टोच्या हवाच. चांभाराची आरी असेल तर उत्तम. टोच्याने धागे बाजूला सरकतात, तुटत नाहीत, आणि भोक नंतर बटणाच्या मानेशी परत आवळतं. पोकळ पंचाने भोक पाडलं तर धागे कापले जातात. म्हणून पंच फक्त चामडं, रेक्झिन आणि फार जाड कॅनव्हाससाठी, तोही नळीपेक्षा किंचित लहान मापाचा.

प्लास्टिकच्या बटणाला हातातला प्लायर लागतो. त्याच्या एका जबड्यात टोपी बसेल अशी वाटीसारखी डाय असते, दुसऱ्या जबड्यात काटा चेपणारा भाग. बटणाच्या नंबरप्रमाणे डाय बदलावी लागते. धातूच्या बटणांसाठी खाली ठेवायची छोटी ऐरण आणि वरून ठोकायचे दोन दांडे असा संच मिळतो. मादीच्या दांड्याच्या टोकाला बारीक उंचवटा असतो. नराच्या दांड्याच्या टोकाला खळगा असतो, त्यामुळे बोंड चेपत नाही. हे दोन दांडे एकमेकांच्या जागी वापरले की बटण गेलंच. नवा संच आणल्या दिवशी दांड्यांवर मार्कर पेनने ‘न’ आणि ‘मा’ लिहून ठेवा. टेबलावर पक्का बसवायचा हँडप्रेसही मिळतो. महिन्याला पाच-पन्नास कपडे शिवणाऱ्या बाईने तो जरूर घ्यावा, मनगट वाचतं. घरापुरतं काम असेल तर प्लायर आणि हातोडी पुरे.

हातोडी अर्धा किलोच्या आतली, सपाट तोंडाची. ठोकायला बूड ठाम हवं. टेबलाच्या मधोमध ठोकलं तर फळी उसळते आणि अर्धा जोर वाया जातो, म्हणून टेबलाचा पाय जिथे आहे त्याच्या बरोबर वर काम करा. घरात जुना दगडी पाटा असेल तर त्यावर जाड लाकडी फळी ठेवून केलेलं काम सगळ्यात नेटकं होतं. नुसत्या फरशीवर ठोकू नका, शहाबादी असली तरी तडकते. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण वेडंवाकडं ठोकलेलं धातूचं बटण उडतं.

जागा आखणं

सगळी शिलाई, वरची टीपसुद्धा, पूर्ण करून मगच बटणाला हात लावा. बटण बसल्यावर त्याच्या शेजारून मशीनचा फूट जात नाही आणि सुई मोडते.

पुरुषांच्या कपड्यात डावी पट्टी वर येते, बायकांच्या कपड्यात उजवी. टोपी आणि मादी वरच्या पट्टीवर, नर खालच्या पट्टीवर, म्हणजे बोंड अंगाच्या विरुद्ध बाजूला तोंड करून राहतं. सुई-दोऱ्याने शिवायच्या टिचबटणात नेमकं उलट असतं, ते पुढे येईल.

बाळाच्या झबल्याला दोन बटणांत ५ ते ६ सेंटिमीटर अंतर ठेवा, जाकिटाला ७ ते ८. बाईच्या शर्टाला आधी छातीच्या सर्वांत भरलेल्या रेषेवर एक खूण करा आणि बाकीची अंतरं तिथून वर-खाली मोजा. गळ्यापासून मोजत आलात तर नेमकं त्या जागी बटण येत नाही आणि पट्टी उघडी पडते. बाळाच्या पायांमधल्या पट्टीवर बटणं विषम संख्येत घ्या, तीन किंवा पाच. मधलं बटण मधल्या शिवणीच्या रेषेत आलं की रात्री अंधारात लंगोट बदलणाऱ्या आईला हाताने अंदाज लागतो.

वरच्या पट्टीवर खडूने खुणा करा. मग कपडा अंगावर असतो तसा बंद करून सपाट पसरा आणि प्रत्येक खुणेतून टाचणी सरळ खाली घाला. टाचणी खालच्या पट्टीतून जिथे बाहेर पडते तिथे दुसरी खूण. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या, फूटपट्टीने मोजून आखल्या तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक साचत जातो आणि शेवटचं बटण जुळत नाही.

प्लायरने प्लास्टिकचं बटण

१. खुणेवर टोच्या सरळ उभा धरून भोक पाडा. काटा जेमतेम शिरेल इतकंच.

२. टोपीचा काटा कापडाच्या सुलट बाजूने आत घाला आणि टोपी कापडाला पूर्ण टेकेपर्यंत दाबा. मधे दोरा किंवा बकरमाची सुरकुती अडकलेली नाही ना, बघा.

३. काट्यावर मादी ठेवा. तिची उंच कड तुमच्याकडे आणि सपाट पाठ कापडाकडे.

४. टोपी प्लायरच्या वाटीत नीट बसवा. इथे घाई करू नये. टोपी वाटीत तिरकी असेल तर काटाही तिरका चेपणार, आणि एकदा चेपलेला काटा परत सरळ होत नाही.

५. प्लायर आधी हलका मिटवा. काट्याचं टोक चेपणाऱ्या भागाच्या बरोबर मध्यावर आहे असं बाजूने वाकून पाहा. मग दोन्ही हातांनी एकदम घट्ट दाबा आणि एक-दोन सेकंद तसंच धरा.

६. प्लायर सोडून कपडा अर्धा फिरवा आणि पुन्हा एकदा दाबा. हा दुसरा दाब पुष्कळ जण टाळतात. माझ्या अनुभवात त्याने फार फरक पडतो.

चेपलेला काटा मादीच्या मध्यात गोल आणि सपाट दिसला पाहिजे. खालच्या पट्टीवर नरही असाच बसवा, टोपी कपड्याच्या आतल्या बाजूला ठेवून. पहिली जोडी झाली की लावून-काढून पाहा आणि मगच पुढची बटणं घ्या. नर-मादी उलट्या पट्टीवर गेल्याचं सगळी सहा बटणं बसल्यावर कळण्यापेक्षा पहिल्याला कळलेलं बरं.

या बटणांवर थेट इस्त्री फिरवू नका. ती बहुतेक पॉलिअसिटल नावाच्या प्लास्टिकची असतात. ते १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि सुती कापडाची इस्त्री २०० अंशांपर्यंत तापते. बटणं मिटवून, कडेकडेने इस्त्री करावी.

हातोडीने नळीचं बटण

टोपी ऐरणीच्या खळग्यात पालथी, नळी वर. त्यावर कापड सुलट बाजू खाली करून ठेवा आणि नळी भोकातून वर काढा. भोक घट्ट असेल तर कापड नखांनी सगळीकडून सारखं दाबत खाली न्या. नळीवर मादी बसवा. आता ‘मा’ खुणेचा दांडा नळीच्या तोंडात उभा करा.

दांडा काटकोनात आहे की नाही हे समोरून कळत नाही. मान बाजूला नेऊन दोन दिशांनी बघा. मग पहिला ठोका अगदी हलका द्या, नळीची कड नुसती उमलावी इतकाच. दांडा पाव वळसा फिरवा आणि दुसरा ठोका जरा जोरात. पुन्हा पाव वळसा, तिसरा, चौथा. चार मध्यम ठोक्यांत नळी फुलासारखी चारी बाजूंनी वळते. एकच जबर घाव घातला तर ती एका अंगाला कोसळते किंवा तिला चीर पडते आणि त्या चिरेत पुढे कापडाचे धागे कापले जातात.

आता मादी बोटांत धरून फिरवून पाहा. ती कापडावर गरागरा फिरत असेल तर अजून एक-दोन ठोके हवेत. फिरत नसेल तर थांबा. नराच्या बाजूला नळीचा सुटा भाग खालून आणि नर वरून येतो. रीत तीच, फक्त दांडा खळग्याचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आवाजाची चिंता असते. ऐरणीखाली घडी केलेलं पोतं किंवा रबर घातलं तर आवाज कमी होतो, पण ठोकाही मऊ पडतो आणि नळी अर्धवट वळते. त्यापेक्षा भोकं पाडून, सगळी मांडणी तयार करून ठेवा आणि दिवसाउजेडी दहा मिनिटांत एकदम ठोकून मोकळ्या व्हा.

दातेरी कडी

कडी डायमध्ये दात वर करून ठेवा. कापड तिच्यावर सपाट धरून रिकाम्या दोऱ्याच्या रिळाने खाली दाबा. रिळाच्या मधल्या भोकामुळे दात वाकत नाहीत. पाचही दात कापडाच्या वर दिसले पाहिजेत. चारच दिसत असतील तर कापड उचलून परत करा, पाचवा दात आपोआप वर येत नाही. मग मादी किंवा नर खोबणीची बाजू खाली करून दातांवर ठेवा आणि प्लायरने किंवा दांड्याने दाबा. दात खोबणीत वळून दिसेनासे झाले पाहिजेत.

बाळाच्या कपड्यावर याची एक परीक्षा मी कधीच चुकवत नाही. कापसाचा बोळा बटणाच्या दोन्ही बाजूंवरून हलका फिरवायचा. एखादा तंतू जरी अडकला तरी तिथे दाताचं टोक बाहेर आहे. ते परत दाबा. जमलं नाही तर बटण काढून टाका.

सुई-दोऱ्याचं टिचबटण

इथे नर वरच्या पट्टीच्या आतल्या अंगाला आधी शिवायचा, कारण त्याची पाठ सपाट असते आणि वरून उठून दिसत नाही. शिवताना सुई वरच्या थरातून आरपार नेऊ नका, फक्त आतल्या थराचे धागे उचला. नर पक्का झाला की त्याच्या बोंडावर खडू घासा, पट्टी बंद करून अंगठ्याने दाबा. खालच्या पट्टीवर ठिपका उमटतो, तिथे मादीचा मध्य.

प्रत्येक भोकात काजाचे चार-पाच टाके घाला. सुई एका भोकातून पुढच्या भोकाकडे बटणाच्या खालून न्या. दोरा दुहेरी नको, तो गुंततो. एकेरी दोऱ्याला मेण लावून घ्या.

ओढून पाहणं, आणि चुकलं तर

टिचबटण कापडाच्या पातळीत आडवा ताण पुष्कळ सहन करतं. उभा, म्हणजे कापडापासून वर ओढणारा ताण लागला की ते उघडतं, आणि उघडण्यासाठीच तसं केलेलं आहे. म्हणून काढताना पट्टी लांबून धरून ओढू नये, बटणाच्या अगदी शेजारी दोन्ही अंगठे ठेवून उघडावं. घरातल्या सगळ्यांना हे एकदा दाखवा. कापड फाटण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

बाळाच्या कपड्यावरचं प्रत्येक बटण टोपीच्या कडेखाली नख घालून जोर लावून ओढा. युरोपातल्या खेळण्यांच्या ईएन ७१ या मानकात ६ मिलिमीटरपेक्षा मोठ्या, जोडलेल्या भागाला ९० न्यूटनचा ताण १० सेकंद देतात. म्हणजे जवळपास ९ किलो वजन टांगल्यासारखं. घरी ते मोजता येत नसलं तरी त्यावरून कळतं की हाताने हळुवार ओढून पाहणं पुरेसं नाही. मनापासून ओढा आणि टोपीखाली फट दिसू लागली किंवा कापडात उजेड दिसला तर ते बटण बाळापर्यंत जाऊ देऊ नका.

बटण लागतच नसेल तर प्लास्टिकमध्ये काटा पुरता चेपलेला नाही, पुन्हा दाबा. धातूमध्ये नळी लांब पडली आहे, दाबून उपयोग नाही. लागतं पण लगेच उघडतं, तर मादीची कड तडकली आहे किंवा तार चेपली आहे. फार घट्ट लागतं आणि काढताना कापड ओढलं जातं, तर नुसतं दहा-वीस वेळा उघडमीट करा, नवं बटण तेवढ्याने सैलावतं. बोंडाला मेणबत्तीचं किंचित मेण लावलं तरी चालतं.

चुकीचं बसलेलं प्लास्टिकचं बटण काढायला नेलकटर किंवा छोटी कटर पक्कड घ्या. मादीची कड दोन-तीन ठिकाणी तोडा आणि चेपलेल्या काट्याचं डोकं कापून टाका, टोपी आपोआप निघते. मादीच तोडायची, टोपीच्या बाजूने कापू नये, कारण तिथे कापड सुलट बाजूने कापलं जाण्याची भीती असते. दातेरी कडीत चपटा स्क्रू-ड्रायव्हर मादी आणि कापड यांच्या मधे सरकवून हळूहळू वर उचलत सगळीकडून फिरवा, दात सरळ होऊन सुटतात. वाकलेली कडी परत वापरू नका. नळीच्या बटणाची वळलेली कड पकडीने तुकड्या-तुकड्याने तोडावी लागते. याला वेळ लागतो, आणि तो द्यावा.

भोक मोठं झालं असेल तर त्याच जागी तसंच बटण परत दाबू नका. आतून मांजरपाटाची चकती ठेवून भोवती बारीक टाके घाला, मग टोच्याने मध्यावर नवं भोक पाडा आणि एक नंबर मोठं बटण घ्या. त्या झबल्यावर मी १६ नंबरच्या जागी २० नंबरचं पिवळं बटण असंच लावलं. बाकी दोन पांढरी आहेत. ते झबलं आता भाचीच्या दुसऱ्या बाळाच्या अंगावर असतं.